सागरी महामार्गावर तीन करिझ्मा

आमच्या घरात करिझ्मा ही मोटरसायकल वादाचा विषय आहे, आणि तो हमखास जेवणाच्या ताटावर निघतो. माझ्याकडे पहिल्या पिढीतली पिवळी करिझ्मा. दाजींकडे झेडएमआर, म्हणजे २००९ साली आलेली, पूर्ण फेअरिंगची (म्हणजे अंगभर आवरणाची) आणि फ्युएल इंजेक्शनची. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, घेतली एक्सएमआर. तिथून भांडणाला जोर चढला.

एक्सएमआरचं नाव जुनं, बाकी सगळं नवं. २००३ साली हिरो होंडाने पहिली करिझ्मा आणली तेव्हा तिला २२३ सीसीचं एअर-कूल्ड इंजिन, ५ गिअर आणि १५ लिटरची टाकी होती. पुढे हिरो आणि होंडा वेगळे झाले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एरिक ब्युएल रेसिंगला हाताशी धरून गाडीचा तोंडवळा बदलला, तो फारसा कुणाला रुचला नाही, आणि काही वर्षांनी करिझ्मा बंदच पडली. मग ऑगस्ट २०२३ मध्ये जाहिरातीत हृतिक रोशनलाच पुन्हा उभं करून एक्सएमआर आली : २१० सीसी, लिक्विड-कूल्ड, डबल ओव्हरहेड कॅम, ६ गिअर, २५.५ पीएस, दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा). टाकी मात्र ११ लिटरची.

दाजींचं म्हणणं, "ही करिझ्मा नाही, करिझ्माचं स्टिकर आहे." भाच्याचं म्हणणं, "बाबा, तुमची गाडी आता केळकर संग्रहालयात द्या." मी मधला, म्हणजे दोघांच्याही शिव्या खाणारा. शेवटी ठरलं की डिसेंबरात तिघांनी तीन गाड्या घेऊन कोकणात जायचं, किनाऱ्या-किनाऱ्याने खाली मालवणपर्यंत. नियम एकच : मोठी खाडी ओलांडली की चाव्या बदलायच्या. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गावर खाड्यांना तोटा नाही.

पहिला दिवस : पुणे – ताम्हिणी – हरिहरेश्वर

सामान बांधतानाच पहिला निकाल लागला. जुन्या करिझ्माची सीट लांब, सपाट आणि सलग. मागच्या दांड्याला दोन रबरी पट्टे अडकवले की सॅक माहेरी आल्यासारखी बसते. झेडएमआरवरही जमलं. एक्सएमआरची सीट दोन तुकड्यांची, मागचा तुकडा चिमुकला आणि वर उचललेला. भाच्याने तीनदा पट्टे आवळले आणि पौड सुटायच्या आत सॅक एका बाजूला कलली. शेवटी त्याचे कपडे माझ्या सॅकमध्ये आणि पावसाळी जॅकेट दाजींकडे. सामान दोघांच्या गाडीवर टाकून स्वतः मोकळा. दाजी म्हणाले, "टूरिंगची गाडी आहे ना तुझी?" हे वाक्य त्यांनी पुढे मालवणपर्यंत पुरवून पुरवून वापरलं.

मुळशीचं पाणी उजवीकडे मागे पडलं आणि ताम्हिणी सुरू झाली. इथे मात्र बोलायची सोय राहिली नाही. भाचा दोन वळणांत दिसेनासा झाला. सहा गिअरचा बॉक्स, स्लिपर क्लच, पुढे ३०० मिलिमीटरची डिस्क; वळणाच्या तोंडाशी धडाधड दोन गिअर खाली टाकले तरी मागचं चाक थरथरत नाही. माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक, एबीएस नाही. मी वळणं आजोबांच्या वेगाने घेतली आणि त्याचं मला काही वाटलं नाही. विळ्याच्या अलीकडे तो एका टपरीवर चहा संपवून बसला होता. दाजी हेल्मेट काढत म्हणाले, "घाट आहे म्हणून. पुढे कोकण आहे."

माणगावला पेट्रोल भरलं. मला गरज नव्हती, दाजींना नव्हती, भाच्यालाही खरं तर नव्हती. पण किनाऱ्यावर पंप लांब लांब आहेत आणि ११ लिटरवाल्याच्या डोक्यात ते सतत असतं. लिटरला ४० चं अॅव्हरेज धरलं तर माझी गाडी ६०० किलोमीटर जाते आणि त्याची ४४०. कागदावर ४४० पुष्कळ वाटतात. पण किनाऱ्यावरचा कुठला पंप कधी कोरडा असेल याचा नेम नाही. माझ्याकडे टाकीखाली कॉक आहे. गाडी आचके देऊ लागली की डावा हात खाली घालून रिझर्व्हला टाकायची. त्याच्याकडे मीटरवर खाली खाली जाणाऱ्या पट्ट्या. मला वाटतं, आचके बरे.

म्हसळ्यापासून श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता, सुपारीच्या वाड्या, मग हरिहरेश्वर. रात्री खाणावळीत घरचा भात, आमटी आणि उकडीचे मोदक. मोदकावर तूप वाढणाऱ्या काकूंनी बाहेर उभ्या तिन्ही गाड्या पाहिल्या आणि विचारलं, "यातली नवी कुठली?" दाजींची झेडएमआर नुकतीच पॉलिश केलेली होती. ते काही बोलले नाहीत, पण एक मोदक जास्त घेतला.

दुसरा दिवस : बागमांडला – वेश्वी – केळशी – हर्णै – मुरुड

बागमांडल्याला पहिली फेरीबोट. ओहोटी होती, त्यामुळे बोटीचा लोखंडी फळा धक्क्याला तिरका लागलेला, आणि त्यावर खारं पाणी आणि शेवाळ. अशा जागी कुठली गाडी बरी हे कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत. चढताना पुढचा ब्रेक अजिबात धरायचा नाही, पहिला गिअर, क्लच अर्धा, आणि नजर वर. बोटीवर गाडी साइड स्टँडला लावली की ती पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, नाहीतर इंजिनाच्या हादऱ्याने स्टँड हळूहळू मिटतो. बोटीवरचा पोरगा हे सगळं एका हाताने खुणावत होता आणि दुसऱ्या हाताने तिकिटं फाडत होता. खाडीत पुलाचे अर्धवट खांब उभे आहेत.

वेश्वीला उतरून चाव्या बदलल्या. माझ्याकडे एक्सएमआर, दाजींकडे माझी पिवळी, भाच्याकडे बापाची झेडएमआर.

नव्या गाडीवर बसल्या बसल्या पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे ती हलकी लागते. आकडा तसा नाही, १६३.५ किलो म्हणजे माझ्या गाडीपेक्षा जास्तच. पण वजन खाली आहे आणि चाकं १७ इंची, माझी १८. ती वळायला तयारच असते. आपण मान वळवली की गाडी वळलेली. हँडल माझ्या गाडीपेक्षा थोडं खाली, पाय थोडे मागे. तासाभराने मनगटांनी आठवण करून दिली. ही बसण्याची तऱ्हा शंभरच्या वेगाला झकास आहे, कारण तेव्हा छातीवरचा वारा वजन उचलतो. वेळासहून केळशीकडे जाताना वेग किती? तीस. चाळीस. मध्येच एखादी म्हैस, मग वीस.

आणि मग ती गोष्ट, जिच्यावरून आमच्या घरात ताटं थंड होतात. पिकअप. चढाच्या वळणावर मी सवयीने तिसऱ्यात राहिलो आणि गाडी कुरकुरली. जुन्या २२३ ला साधारण १८ न्यूटन-मीटरचा टॉर्क (ओढायचा जोर) ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पूर्ण मिळतो आणि त्याच्या बराच अलीकडे तो कामाला लागलेला असतो. नव्या इंजिनाचा २०.४, म्हणजे जास्तच, पण ७२५० ला. आणि पूर्ण ताकद ९२५० ला. म्हणजे कोकणातल्या चढावर दुसऱ्यात या, इंजिन गात ठेवा, मग ते उडतं. एकदा हे कळलं की मजा आहे. पण दिवसभर गिअर पाडायची तयारी हवी. माझ्या पिवळीवर दाजी समोर चौथ्यात डुलत डुलत चालले होते. ढगढग ढगढग. शीळही घालत असावेत.

केळशीला थांबलो नाही. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला चढलो, वरून खाली जोग नदीची खाडी आणि नारळांचे शेंडे पाहिले, उतरलो.

हर्णैला लिलाव आटपून मासळीचे टेंपो निघाले होते. ज्यांनी कोकणात दुचाकी चालवली आहे त्यांना हे सांगायला नको : टेंपोच्या मागच्या फळीतून बर्फाचं, माशाचं, तेलकट पाणी गळत असतं आणि ते बरोब्बर वळणावर सांडतं. त्या पट्ट्यावरून टायर गेला की गाडी आपली राहत नाही. बंदराच्या वरच्या वळणावर समोरून रिक्षा आली, मी दोन्ही ब्रेक दाबले, लिव्हर बोटांखाली टुकटुक टुकटुक वाजला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. रिक्षावाला मान डोलावून गेला. माझ्या पिवळीवर मी त्या जागी आडवा असतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला, ते फार बरं झालं. मागून दाजी आले, त्यांनीही तो पट्टा ओलांडला, पाय टेकत टेकत. बोलले नाहीत. मीही नाही.

मुक्काम मुरुडला, महर्षी कर्व्यांच्या गावात. दापोलीजवळचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे. रात्री सुरमईची तुकडी आणि सोलकढी. भाचा झेडएमआरवर दिवस काढून आला होता. "बाबा, तुमच्या गाडीची सीट चांगली आहे," एवढंच म्हणाला. पण म्हणाला.

तिसरा दिवस : दाभोळ – गुहागर – हेदवी – तवसाळ – जयगड – गणपतीपुळे

या दिवशी आम्हाला माणसं भेटली. तीन जण स्वतःच्या गाड्यांबद्दल बोलतात तेव्हा त्यात अर्धा अहंकार असतो. परकी माणसं खरं बोलतात.

दाभोळच्या धक्क्यावर आमच्या आधीच एक एक्सएमआर उभी. मालक शिक्षक, पलीकडे धोपाव्याच्या बाजूला शाळा, आठवड्यातून बहुतेक दिवस खाडी ओलांडतात. भाच्याला वाटलं आपला माणूस भेटला. शिक्षकांनी आधी गाडीची स्तुती केली, मनापासून. मग वहीतल्या चुका दाखवाव्यात तशा एकेक दाखवायला सुरुवात केली.

"पावसाळ्यात रेडिएटर बघत जा," ते म्हणाले. "इथली लाल माती पुढच्या चाकावरून उडते आणि जाळीत बसते. वाळली की वीटच. मी दर रविवारी साध्या पाण्याने, नळी लांब धरून धुतो. प्रेशर मारायचा नाही, जाळीच्या पापण्या वाकतात." वाकून त्यांनी आम्हाला दाखवलं. भाच्याच्या रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या भागात कालच्या एका दिवसाची तांबडी धूळ बसलेली होती. माझ्या एअर-कूल्ड इंजिनाला जाळीच नाही. फक्त फिन्स, म्हणजे धातूच्या पातळ पाकळ्या आहेत, त्यांच्यात चिखल बसला तर काडीने काढा.

दुसरी तक्रार उजेडाची. एलईडीचा पांढरा झोत कोरड्या रस्त्यावर लख्ख. पण ओल्या डांबरावर पांढरा उजेड विरून जातो, पाणी तो पुढे उडवून लावतं. "जुलैत रात्री आठला घरी येताना मला माझी जुनी पिवळ्या दिव्याची गाडी आठवते." शेवटी भाच्याने विचारलं, "मग पुन्हा घ्याल का?" ते हसले. "घेईन की. कराडला जाताना कुंभार्ली चढलो की सगळं माफ असतं."

चाव्या बदलल्या. आता मी झेडएमआरवर, दाजी एक्सएमआरवर, भाचा माझ्या पिवळीवर. धोपाव्याहून अंजनवेलचा तो वीज प्रकल्प लांबून दिसतो. कंपनीचं नाव बदलून किती वर्षं झाली, पण टपरीवर रस्ता विचारला तर अजून "एन्रॉनच्या पुढून" असंच सांगतात. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन आणि किनाऱ्याला लागून कोकम सरबत.

झेडएमआरबद्दल थोडक्यात : तिला त्या दोघींच्या मधल्या मुलीचं नशीब आहे. इंजिन २२३ चंच, फक्त इंजेक्शन आणि ऑइल कूलर जोडलेला. फेअरिंग मोठी, त्यामुळे दिसायला जड. पण सकाळी पहिल्या बटणाला सुरू होते आणि खड्ड्यातून जाताना अंगावर काही येत नाही. दाजींना हे मी सांगितलं नाही, कारण ते वर्षभर ऐकवतील.

हेदवीच्या अलीकडे एक्सएमआरचं मागचं चाक बसलं. खिळा होता, नालेचा वाटावा असा जाड. दाजी खाली उतरले आणि चेहऱ्यावर असा आनंद की पंक्चर नव्हे, लॉटरी लागली. पण टायर ट्यूबलेस, हवा हळूहळू गेली होती, गाडी जागची हललीसुद्धा नाही. मैलभर पुढे जांभ्या दगडाच्या गडग्याला टेकून एक पंक्चरवाला होता. त्याने खिळा पक्कडीने ओढला, छिद्रात कानस फिरवली, सुईत स्ट्रिप ओवली, सिमेंट लावून आत दाबली, वरचं शेपूट ब्लेडने कापलं आणि त्यावर थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहिलं. चाक काढावंच लागलं नाही. चहा यायच्या आत काम झालं. "मूळ गाडीला असं झालं असतं तर?" भाच्याने बापाला विचारलं. दाजी दशभुजा गणेशाला हात जोडून आले आणि विषय बदलला.

तवसाळ ते जयगड ही माझी लाडकी फेरी. लहान बोट, रुंद खाडी, पलीकडे टेकाडावर जयगडचा किल्ला. बोटीवर लाल एक्सएमआर घेऊन एक ताई होत्या, जयगडच्या बाजूला नोकरीला. त्यांचं मत सगळ्यांत उपयोगाचं, कारण त्यांनी गाडी आपल्यासाठी बसवून घेतली होती. ८१० मिलिमीटरची सीट त्यांना उंच पडायची, फक्त पायांची बोटं टेकायची. त्यांनी सीटचा फोम पुढच्या बाजूला कापून घेतला आणि मागच्या मोनोशॉकचा प्रीलोड मऊ टोकाला आणला. "आता चवडे पूर्ण टेकतात. धक्क्यावर बोट वर-खाली होत असताना पाय टेकला पाहिजे, बाकी सगळं नंतर," त्या म्हणाल्या. लोक त्यांना विचारतात, स्कूटर का नाही? "स्कूटरचं छोटं चाक फळ्याच्या फटीत जातं." मी खाली पाहिलं. फळा आणि बोट यांच्यामध्ये खरंच चार बोटांची फट होती आणि त्यातून हिरवं पाणी दिसत होतं.

दाजींनी त्यांना विचारलं, टाकी पुरते का? "मला रोज घरी जायचंय," त्या म्हणाल्या, "लडाखला नाही." दाजींच्या सगळ्या मुद्द्यांत टाकीचा मुद्दा सर्वांत भक्कम होता.

जयगडला चाव्या परत आपापल्याकडे. मालगुंडला केशवसुतांच्या घरापाशी पाच मिनिटं टेकलो आणि अंधार पडताना गणपतीपुळे.

चौथा दिवस : रत्नागिरी – पूर्णगड – जैतापूर – विजयदुर्ग – देवगड

सकाळी आरे-वारे. समुद्राला चिकटून वळणारा, वर चढणारा, पुन्हा उतरणारा रस्ता. एका वळणावर दोन्ही किनारे एकदम दिसतात. इथे आम्ही तिघेही हळू गेलो. एक्सएमआरलाही इथे घाई नव्हती.

रत्नागिरीत माझ्या गाडीची चेन सैल झाली होती म्हणून एका मिस्त्रीकडे थांबलो. खारं वारं चेनला खातं. तीन दिवसांत कड्यांवर तांबूस पूड जमली होती. मिस्त्रीने डिझेलमध्ये ब्रश बुडवून चेन घासली, तेल सोडलं, मागचा एक्सल ढिला करून ताण लावला. मग तिन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारली. स्वतःकडे २०१४ ची, म्हणजे सगळ्यांनी नाक मुरडलेली. आम्ही चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही, पण त्याला सवय होती. "दिसायला वाईट आहे, माहितीये मला. म्हणूनच स्वस्तात मिळाली. तोंड माझ्याकडे थोडंच असतं? मी वर बसलेला असतो."

त्याचं खरं मत गाडीच्या पोटाबद्दल होतं. "ही तुमची," पिवळीवर हात ठेवून, "हिचं टॅपेट मी चहा निवायच्या आत लावतो. त्या नवीचे आधी कपडे उतरवायला लागतात. फेअरिंग, टाकी, मग कुठे इंजिन दिसतं. डबल कॅम आहे, काम नाजूक. वाईट नाही म्हणत. पण तुम्ही आडवाटेला असाल आणि काही झालं, तर गावातला पोरगा हात लावणार नाही." भाच्याने विचारलं, काही होतं का पण? मिस्त्री म्हणाला, त्याच्याकडे अजून इंजिन उघडायला एकही आलेली नाही. प्रामाणिक माणूस. पैसे चेनचेच घेतले.

पावसच्या मठात दर्शन घेऊन पूर्णगडचा पूल ओलांडला. आडिवऱ्यापर्यंत सडा सुरू होतो : काळपट जांभ्याचं माळरान, वाळलेलं पिवळं गवत, आणि मध्येच हापूसच्या कलमांची हिरवी चौकट. रस्ता सरळ, रिकामा आणि रुंद. भाचा गेला. आम्ही त्याला जैतापूरच्या पुलावरच गाठलं. तो खाली मचव्यांचे फोटो काढत होता. तिथे नियमाप्रमाणे चाव्या बदलल्या : मला एक्सएमआर, दाजींना पिवळी, त्याला झेडएमआर.

आता मला ती कळायला लागली होती. सड्यावर पाचवा-सहावा गिअर, गाडीची पुढची काच वर करून घेतलेली, वारा हेल्मेटच्या माथ्यावरून. मीटरवर शंभर दिसले तरी हाताला झिणझिण्या नाहीत. माझ्या गाडीवर ऐंशीच्या पुढे आरसे थरथरायला लागतात आणि मागचा ट्रक धुकं होतो. वाघोटणची खाडी ओलांडून सिंधुदुर्ग जिल्हा लागला, की उतार, वळण, वाडी, पुन्हा उतार, आणि मी पुन्हा दुसऱ्यात. एकाच दिवसात एकाच गाडीबद्दल माझं मत दोनदा फिरलं. गाडी तीच होती.

विजयदुर्गाला बुरुजावर जायचं होतं, गेलो. ऊन होतं. देवगडला रात्री पोहोचलो तेव्हा तिसळ्यांचं सुकं शिल्लक होतं, हे नशीब.

पाचवा दिवस : कुणकेश्वर – आचरा – मालवण

अंतर थोडं, आळस पुष्कळ. तारामुंबरीचा पूल ओलांडून कुणकेश्वर. देवळासमोर सावलीत बसलेल्या एका आजोबांनी "खंयसून इलात?" अशी चौकशी केली. पुण्याहून म्हटल्यावर एक्सएमआरकडे जरा वेळ पाहत राहिले. मग निकाल दिला, "गाडी बरी आसा, पन टाकी ल्हान." त्यांना कुणी सांगितलं? कुणी नाही. नुसती पाहून. दाजींनी त्यांना वाकून नमस्कार केला.

मालवणात कोंबडी-वडे, दुपारची झोप आणि संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर तिघांनी गाड्या गोड्या पाण्याने धुतल्या. मुक्कामाच्या ठिकाणी नळी होती, तिचा उपयोग केला.

सहावा दिवस : फोंडा घाट – कोल्हापूर – पुणे

परतीला खाडी नव्हती, म्हणजे नियमही नव्हता. कणकवलीत दाजींनी हात पुढे केला आणि भाच्याकडे एक्सएमआरची चावी मागितली. कारण सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

फोंडा घाटात ते पुढे गेले आणि दिसेनासे झाले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गेली कित्येक वर्षं २२३ वर बसलेला. दाजीपूरच्या जंगलाशी आम्ही पोहोचलो तेव्हा काच खाली करून, हातमोजे काढून, मीटर न्याहाळत उभे. "सहावा गिअर कशाला दिलाय?" ते म्हणाले. "लागलाच नाही मला." भाच्याने मान हलवली. "घाटात नाही लागत, बाबा. हायवेला लागेल."

कोल्हापूरच्या पुढे हायवेला लागला. कामं चालू असल्यामुळे मध्ये मध्ये वळवलेला रस्ता, पण मोकळ्या पट्ट्यात एक्सएमआर सगळ्यांच्या पुढे आणि माझी पिवळी सगळ्यांत मागे, ऐंशीला, धुकट आरशांसह. कराडच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा दाजींनी आपलं मत मांडलं, आणि ते कोर्टात निकाल वाचावा तसं वाचलं. इंजिन चांगलं. ब्रेक फार चांगले, हर्णैला त्यांनी पाहिलं होतं. सीट वाईट. सामानाची सोय शून्य. आणि ११ लिटर हा अपमान आहे. पहिल्या करिझ्माने १५ लिटर देऊन लोकांना लांब जायची सवय लावली, आता नाव तेच ठेवायचं तर सवयही सांभाळा.

"१५ लिटरची केली तर घ्याल?" भाच्याने विचारलं.

"आणि सीट सलग."

"आणि सीट सलग."

दाजींनी चहा संपवला, बिल दिलं आणि एक्सएमआरची चावी खिशात टाकून निघाले. साताऱ्याला एकदा, खंबाटकीच्या बोगद्यानंतर एकदा भाच्याने चावी मागून पाहिली. पुण्यापर्यंत झेडएमआर त्यानेच आणली.